वाचक विचारतात : बारा दिवसांच्या पाहुण्यांनी कशाला हात घालावा?

परदेशी डिझाइन शाळांचे गट हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि आपले विद्यार्थी एका सत्रासाठी तिकडे जातात. दोन्हीकडे हल्ली एखादा 'सामाजिक प्रश्न' हाती दिला जातो. या महिन्यात त्यावरची पत्रं जास्त आली, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

जानेवारीत आमच्याकडे एका युरोपीय शाळेचे आठ विद्यार्थी येत आहेत. आमचेही आठ असतील. मुक्काम बारा दिवसांचा आणि विषय 'ग्रामीण भागातील पाणी'. शेवटच्या दिवशी प्रोटोटाइपचं, म्हणजे वापरून बघायच्या कच्च्या नमुन्यांचं, प्रदर्शन हवंच, असा तिकडचा आग्रह आहे. आखणी कशी करू?
– डिझाइनचे प्राध्यापक, नाशिक

आधी विषय लहान करा. एक पाडा, एक पाणवठा, दिवसाचा एक प्रहर. 'या विहिरीचं पाणी उंबरठ्यापर्यंत कसं पोचतं' एवढा प्रश्न सोळा जणांना बारा दिवस पुरून उरेल. तो कुठे विचारायचा हे पाहुणे येण्याच्या निदान दीड महिना आधी ठरलेलं असावं, आणि ठरवताना ग्रामपंचायत, बचत गटातल्या बायका, अंगणवाडी सेविका आणि आशाताई समोर असाव्यात. त्यांना पहिला प्रश्न विचारा : यावर तुम्ही आधी काय काय करून पाहिलंत? आधीच्या कुणीतरी आणून टाकलेली वस्तू बहुतेक गावात कुठेतरी गंजत पडलेली असते. ती मागवून घ्या आणि का पडून राहिली ते विचारा.

पहिला दिवस ओळखीत आणि शब्द समजून घेण्यात जाऊ द्या. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फक्त बघायचं. जोड्या करा, एक इथला आणि एक तिथला. पहाटे साडेपाचला विहिरीवर. सोबत मोजपट्टी, घड्याळ आणि ताणकाटा. किती घरं, किती खेपा, रांगेत किती वेळ, चढ किती, भांडं किती लिटरचं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचेच १५ किलो, वर भांड्याचं वजन. ते डोक्यावर घेऊन चढ चढणारी बाई वाटेत कुठे थांबते, हेही टिपा. या तीन दिवसांत कुणी स्केचबुकात यंत्र काढायला लागला, तर त्याला प्रेमाने थांबवा.

पाचव्या दिवशी जे लिहिलं ते पाड्यावर वाचून दाखवायचं. हा दिवस गाळू नका. 'खेपा चार नाहीत, सहा. तुम्ही आलात त्या दिवशी बाजार होता' अशी दुरुस्ती इथेच मिळते. सहाव्या दिवशी काय करायचं ते ठरवा. सातव्या ते नवव्या दिवशी पुठ्ठा, बांबू, सुतळी आणि जुनी सायकल यांतून कच्चं बनवा. दहाव्या दिवशी ते लोकांच्या हाती द्या आणि तुम्ही गप्प उभे राहा. अकरावा दिवस दुरुस्तीचा. बाराव्या दिवसाचं प्रदर्शन कॉलेजच्या दालनात न मांडता गावच्या शाळेत मांडा, फलक मराठीत लावा. तिकडच्या शाळेला हे आधीच लिहून कळवा.

प्रोटोटाइपची घाई कुठे नेते, याचा धडा दक्षिण आफ्रिकेतल्या प्लेपंपने घालून दिला आहे. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं, त्याने बोअरमधलं पाणी उंचावरच्या २५०० लिटरच्या टाकीत चढायचं. कल्पना पाहताक्षणी आवडावी अशी होती. २००६ मध्ये अमेरिकेतून तिला लक्षावधी डॉलरची मदत जाहीर झाली. पुढे काही वर्षांतच तिचा विस्तार थांबवावा लागला. कारण गणितात होतं आणि ते विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्या. ४० मीटर खोलीवरचं पाणी आणखी ७ मीटर उंच टाकीत न्यायचं, तर २५०० लिटरला सुमारे साडेअकरा लाख जूल ऊर्जा लागते. दहा वर्षांचं मूल सलग ५० वॉट जोर लावेल असं धरा, त्यातला निम्मा घर्षणात जाईल. म्हणजे एका मुलाला जवळजवळ तेरा तास. आणि माणशी रोज ५५ लिटर, या जल जीवन मिशनच्या प्रमाणाने ही टाकी जेमतेम ४५ माणसांना पुरते. शिवाय खेळण्याच्या चक्रातली गंमत अशी की एकदा ढकललं की ते आपोआप फिरत राहतं. पंप जोडला की तो प्रत्येक फेरीला जोर खाऊन टाकतो, चक्र थांबतं, मुलं पांगतात. मग उरतात पाण्याला आलेल्या बायका, आणि त्या खेळण्याच्या उंचीचा दांडा वाकून ढकलतात. देखभालीचा खर्च टाकीवरच्या जाहिरातींतून निघणार होता. आडगावात जाहिरात कोण देणार?

तुमच्या भागात आणखी एक मोह होईल तो गडगडत नेण्याच्या पिंपाचा. ९० लिटरचं असं पिंप दक्षिण आफ्रिकेतच निघालं आणि सपाट पायवाटेवर ते खरंच उपयोगी आहे. पण सह्याद्रीत विहीर खाली आणि घरं वर असतात. पाच फुटांना एक फूट चढ असला, तर ९० किलोचं पिंप सतत सुमारे १८ किलोच्या जोराने मागे ओढतं. हात सुटला तर ते खाली पाणी भरणाऱ्या बाईवर जाईल. चढ मोजल्याशिवाय या कल्पनेला हात लावू नका.

दिलेलं ब्रीफ, म्हणजे ठरवून दिलेलं काम, बदलायचा विद्यार्थ्यांना अधिकार आहे का? आमचे पाहुणे मार्गदर्शक म्हणतात, ठरलं तेच करा.
– विद्यार्थी, अमरावती

आहे. आणि चांगल्या मार्गदर्शकाला ब्रीफ बदलल्याचा आनंद व्हायला हवा, फक्त बदल पुराव्यासकट मांडा.

स्टॅनफर्डच्या एका अभ्यासक्रमात २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या गटाला काम मिळालं होतं : अगदी स्वस्त इन्क्युबेटर, म्हणजे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी काचपेटी. गटातल्या एकाने नेपाळमध्ये जाऊन पाहिलं, तर रुग्णालयात दान आलेल्या पेट्या रिकाम्या होत्या. बाळं खेड्यात जन्मत होती आणि पेटीपर्यंत पोचतच नव्हती. मग पेटी स्वस्त करून काय साधणार? गटाने काम बदललं. विजेशिवाय चालेल, आईच्या जवळ राहील अशी ऊबदार झोळी करायची. त्यात मेणासारखा एक पदार्थ भरला. तो ३७ अंशांच्या आसपास वितळतो आणि गोठताना काही तास तेच तापमान धरून ठेवतो. हेच पुढे 'एम्ब्रेस' झालं आणि त्याचं काम गटाने बंगळुरूत येऊन वाढवलं.

तरीही एक चूक भारतातल्या चाचण्यांत सापडली. झोळीवर तापमानाचा आकडा दिसत होता. एका आईने सांगितलं की इंग्रजी औषधं फार कडक असतात, म्हणून चमचाभर सांगितलं तर आम्ही अर्धा देतो. ३७ सांगितलं तर ३० पर्यंतच तापवू. गटाने आकडा काढून टाकला आणि 'ठीक' किंवा 'ठीक नाही' एवढंच दाखवणारी खूण ठेवली. हे कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बसून कुणालाही सुचलं नसतं.

त्याच प्रश्नाचं अजून एक उत्तर १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात निघालं होतं. तिथे काचपेट्या कमी पडायच्या, म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात झाली. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत ही 'कांगारू मातृसेवा' परिचारिका आजही शिकवतात. तिला यंत्र लागत नाही. तुमच्या गटाने वस्तू सोडून पद्धत सुचवली तर तिलाही पूर्ण गुण मिळायला हवेत, हे मूल्यमापनाच्या कागदावर सुरुवातीलाच लिहून घ्या.

आमच्या गटात वारली बोलणारी मी एकटीच. दिवसभर दुभाष्याचंच काम करते. सगळं बरोबर पोचतं का, ही शंका राहते.
– विद्यार्थिनी, जव्हार

तुमची शंका रास्त आहे. सगळ्यात आधी बसण्याची जागा बदला. पाहुण्याने बोलणाऱ्या बाईकडे बघायचं, तुमच्याकडे नाही. तुम्ही दोघांच्या बाजूला, किंचित मागे. एका वेळी दोनच वाक्यं. सारांश सांगू नका, 'ती म्हणते की' असंही नको, तिच्याच तोंडून आल्यासारखं 'मी' म्हणून सांगा. चाळीस मिनिटांनंतर थांबा, कारण त्यापुढे थकलेला दुभाषी नकळत वाक्यं गाळतो.

शब्दांकडे फार लक्ष द्या. हंडा, कळशी आणि घागर या तिन्हींना इंग्रजीत 'पॉट' म्हटलं की चित्रात एकच भांडं येतं. पण डोक्यावर काय जातं, कमरेवर काय बसतं आणि लहान मुलीच्या हाती काय देतात, हे त्या तीन शब्दांतच आहे. 'चुंबळ' म्हणजे नुसतं कापडाचं कडं म्हणून सांगून सोडलंत, तर पाहुणा वजन तोलण्याची ती जुनी युक्ती न बघताच नवी गादी काढायला बसेल. असे शब्द भाषांतर न करता तसेच देवनागरीत वहीत लिहा आणि शेजारी चित्र काढा.

'तुम्ही हे वापराल का?' हा प्रश्न भाषांतरित करायला नकार द्या. घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणायचं कसं, म्हणून 'हो' येतो आणि अहवालात तो होकार म्हणून छापला जातो. त्याऐवजी 'काल सकाळी काय केलंत ते दाखवा' असं विचारायला लावा. आणि तुम्हीही डिझाइनच्या विद्यार्थिनी आहात. एक दिवस दुभाषी, एक दिवस रेखाटन, असं वाटून घ्या. गाइडला हे स्पष्ट सांगा.

पुण्यात कचरावेचकांबरोबर प्रकल्प आहे. संमती आणि फोटोंचं काय?
– विद्यार्थी, पुणे

संमती दोन वेगवेगळ्या घ्या, एक बोलण्याची आणि एक फोटोची. मराठीत वाचून दाखवा. सही नको असेल तर तोंडी संमती रेकॉर्ड करा. फोटो कुठल्या देशात, कुठल्या भिंतीवर आणि कुठल्या पानावर जाणार ते सांगा. नंतर 'काढून टाका' म्हणायचा हक्क आहे आणि तो कुणाला फोन करून वापरायचा, हे कागदावर देऊन या. अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांची संमती लागतेच. बालगृहातल्या किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने बंदी आहे. तिथे परदेशी शाळेचा फॉर्म चालत नाही. हाताचे, अवजारांचे, जागेचे फोटो काढा, कामाला तेवढे पुरतात.

वेळेचे पैसे द्या, आणि बोलायच्या आधी द्या. घरोघरचा कचरा गोळा झाल्यावर तो निवडण्याचा जो वेळ असतो, त्यातच भंगाराची कमाई होते. तासभर तुम्ही खाल्लात तर तेवढं भंगार त्या दिवशी विकलं जात नाही. रक्कम त्यांच्या संघटनेला विचारून ठरवा.

डिझाइन करताना एक काळजी घ्या. बंद पेटीची गाडी, आपोआप दाबणारा डबा अशा कल्पना दिसायला स्वच्छ असतात, पण सुका माल वेचायची जागा आणि वेळच त्या काढून घेतात. याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला पुडी उघडायची वेळ येत नाही. ही मोहीम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने चालवली. खर्च एका स्केचपेनचा, आणि बदल कचरा टाकणाऱ्याच्या सवयीत.

प्रोटोटाइप कशाचं करावं? आमच्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे.
– विद्यार्थी, वर्धा

प्रिंटरवर आकार तपासा, पण गावात ठेवायची वस्तू त्याची करू नका. नेहमीचं पीएलए प्लास्टिक ५५ ते ६० अंशांवर मऊ पडतं. मे महिन्यात तुमच्याकडे पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ते वाकलेलं सापडेल. कोकणात याच्या उलट पावसाची अडचण, तिथे साधी प्लाय फुगते. आयएस ७१० मानकाची, पाण्यात टिकणारी बीडब्ल्यूपी प्लाय घ्या किंवा लाकडाच्या वाटेला जाऊच नका.

सांगाडा एक इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा, १६ गेजचा करा. २० गेजचा पातळ असतो, म्हणून हलका वाटतो, पण गावातल्या आर्क वेल्डिंगवर त्याला भोकं पडतात. बोल्ट सहा आणि आठ मिमीचे, म्हणजे दहाचा आणि तेराचा पाना लागेल, आणि तो सायकलवाल्याकडेही असतो. पाहुण्यांनी सोबत इंची मापाचे किंवा सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचे (टॉर्क्स) स्क्रू आणले असतील तर ते बाजूला ठेवा. मग वस्तू गावच्या मेस्त्रीला द्या, नकाशा न दाखवता. त्याने ती खोलून पुन्हा जोडली तर पास. जयपूर फूट टिकला त्यातही हेच आहे. परदेशी कृत्रिम पायावर बूट चढवावा लागे आणि मांडी घालता येत नसे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा असा पाय केला की अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल आणि तो साध्या कारखान्यात घडेल.

जागेची अडचण असेल तर पुणे जिल्ह्यात पाबळचं विज्ञान आश्रम पाहून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी, एक उभी राहिली. तिथे वेल्डिंग आणि प्रिंटर एकाच आवारात आहेत.

मी कोल्हापूरची, सध्या एका सत्रासाठी जर्मनीत आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासात काम आहे. माझं जर्मन जेमतेम आहे.
– विद्यार्थिनी

भाषा कमी असणं इथे तितकं आड येत नाही, कारण या आजारात शब्द त्यांचेही निसटत असतात. पण जर्मन सहकाऱ्याशिवाय आत जाऊ नका. सगळ्यांना आदरार्थी 'झी' म्हणा आणि आडनावाने हाक मारा, नावाने नाही. तिथे 'आजी' म्हणून जवळीक साधली जात नाही. अशा व्यक्तीच्या वतीने न्यायालयाने नेमलेला कायदेशीर प्रतिनिधी असू शकतो, त्याची लेखी संमती लागेल. ती मिळाली तरी रोज सकाळी त्या व्यक्तीचा कल बघा. तोंड फिरवलं तर तो नकार समजा. जेवणाच्या आणि कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याच्या वेळा टाळा.

वस्तू करताना : पायपुसणं किंवा जमिनीवरचा पट्टा गडद रंगाचा नको, त्यांना तो खड्डा वाटतो आणि पाऊल अडखळतं. जमीन चकचकीत नको, ती ओली भासते. बारीक ठिपक्यांचं कापड नको, ते ठिपके वेचायला वाकतात. टॉयलेटची सीट पांढऱ्या भिंतीपुढे ठळक रंगाची असली तर सापडते. सुटे लहान भाग नकोत, आणि जंतुनाशकाने रोज पुसलं तरी टिकलं पाहिजे.

ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या वृद्धनिवासाबाहेर कधीच बस न येणारा बसथांबा उभारला होता, त्याचं उदाहरण तुम्हाला सांगतील. घरी जायचं म्हणून बाहेर पडलेले आजी-आजोबा ओळखीचा थांबा बघून तिथे बसत, शांत होत, मग कर्मचारी त्यांना कॉफीला आत नेत. रस्ता चुकून होणारे अपघात त्याने टळावेत, हा हेतू. पण ही फसवणूकच आहे, असं म्हणणारेही तिथे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आम्हाला नेदरलँड्समधल्या वेस्प गावातलं 'दे होखेवेक' हे अशाच वृद्धांचं निवास जास्त पटतं. २००९ पासून तिथे दुकान, उपाहारगृह आणि रस्ते खरोखरचे आहेत, फक्त आवाराच्या आत. दोन्हींचा विचार करा आणि मग ठरवा.

प्रदर्शनानंतर डिझाइनची मालकी कुणाची?
– प्राध्यापिका, मुंबई

याचं उत्तर करारात हवं, आणि करार पाहुणे येण्याआधी व्हायला हवा. नोंदणीचा विचार असेल तर प्रदर्शन आणि इन्स्टाग्राम दोन्ही थांबवा. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी व्हायची तर ते आधी कुठेही, भारतात किंवा बाहेर, प्रसिद्ध झालेलं नसावं. संरक्षण १० वर्षं मिळतं, पुढे आणखी ५ वाढवता येतात. पेटंटचा विषय असेल तर भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याने परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करायचा नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, असं पेटंट कायद्याचं ३९वं कलम सांगतं. परदेशी शाळा आपल्या सवयीने तिकडेच अर्ज करून मोकळी होते, म्हणून हे आधी सांगा. आणि गावकऱ्यांची युक्ती विद्यार्थ्यांच्या नावावर चढू नये. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाहीच, पण श्रेय देण्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पाहुणे गेल्यावर सगळं थंडावतं. काय करावं?
– सरपंच, रत्नागिरी जिल्हा

सरपंचताई, हे तुम्हीच अटीत घाला. परवानगीच्या पत्रावर चार गोष्टी मागा. गावातल्या एका माणसाचं नाव, ज्याला वस्तू दुरुस्त करायला शिकवलं जाईल. सुट्या भागांची मराठी यादी, कुठे मिळतात आणि किती रुपयांना, यासकट. जास्त झिजणाऱ्या भागांचे दोन-दोन जादा नग. आणि इथल्या कॉलेजची तिसऱ्या व सहाव्या महिन्यातली भेट, प्रवासखर्च मूळ अंदाजपत्रकात धरून. गट हिवाळ्यात आला असेल तर सहाव्या महिन्याची भेट पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकला, कारण गंज, बुरशी आणि जाम झालेली बेअरिंग तेव्हाच दिसतात.

वस्तू नको असेल तर ती परत न्यायची जबाबदारीही त्यांचीच, हे पाचवं. मोडकं सामान शाळेच्या व्हरांड्यात राहिलं की पुढच्या गटाला गाव दारात उभं करत नाही.